मांजर कोणाचे, घाण कोणाची?

भाताची झोडणी संपली, की बायांचे लक्ष परसाकडे वळते. न्हाणीचे पाणी जाते तिकडे आळू आणि केळ असतेच. त्याच्या बाजूला माती खणतात, ढेकळे फोडतात आणि चार वाफे करतात. लाल माठ, मुळा, मेथी, मिरची, वांगी. शेतात ओल असली तर वाल पडतो. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत पुष्कळ घरांतले पुरुष मुंबईला कामावर असतात. तेव्हा परसातली ही भाजी घरच्या बाईच्याच हातची. पाणीही तिनेच वाहिलेले.

आणि एके सकाळी ती पाहते, तो वाफा उकरलेला. रोपे उपटून पडलेली. मातीत मांजराची घाण.

मग बोलणे सुरू होते.

"वयनी, तुमच्या मांजराला आवरा. माजी मिरचीची रोपं सगळी गेली."

"मांजराला काय दाव्याला बांदून ठेवू? ती काय गाय हाय?"

"दूध तुमच्याकडं पिते आन् घाण करायला माज्याकडं येते!"

"तुमच्या माळ्यावरचे उंदीर खाते, तवा बरी लागते?"

असे बोलणे आपण सर्वांनी ऐकले आहे. यात गंमत अशी, की दोघीही खरे बोलत आहेत. म्हणूनच असले भांडण लवकर मिटत नाही. एकीचे खोटे असते, तर ती केव्हाच गप्प बसली असती.

आधी मांजराची बाजू पाहू. आपल्याकडे भात हे एकच मोठे पीक. ते कणगीत किंवा पोत्यात भरून वर्षभर पुरवायचे. उंदीर खातो थोडे आणि नासतो जास्त. पोती कुरतडतो, लेंड्या टाकतो, मुततो. उंदराच्या मुतातून लेप्टो नावाचा ताप होतो, हे आपल्या भागात सांगायला नको. पुराच्या आणि चिखलाच्या पाण्यात ते मूत मिसळते आणि पायाच्या जखमेतून रोग अंगात शिरतो. २२ जुलै २०२१ रोजी महाडला मोठा पूर आला, तेव्हा गाळ उपसणाऱ्यांना याचीच मोठी भीती होती. म्हणून घरात मांजर असणे ही काही चैन नव्हे. आणि ते उंदीर धरताना हे घर आपले, ते परके, असे पाहत नाही. एका घरचे मांजर चार घरांची राखण करते.

पण मग ते घाण शेजारच्या वाफ्यातच का करते? मुद्दाम करते का?

नाही. मांजराची जातच अशी, की घाण करायची तर माती उकरून करायची आणि वर माती लोटून झाकायची. अंगणातली चोपलेली जमीन त्याला उकरता येत नाही. सारवलेली जमीन तर नाहीच. त्याला हवी कोरडी, सैल माती किंवा वाळू. आपण खपून भुसभुशीत केलेला वाफा म्हणजे त्याच्या दृष्टीने तयार करून ठेवलेली जागाच! एकदा तिथे केले, की वासाच्या ओढीने ते पुन्हा तिथेच जाते. पावसाळ्यात आणखी पंचाईत. आपल्याकडे शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो. बाहेर कोरडी माती कुठेच उरत नाही. मग मांजर शेजारच्या पडवीत, लाकडांच्या ढिगामागे, पेंढ्यात, राखेच्या ढिगात जागा शोधते. म्हणून हिवाळ्यात भांडण वाफ्यावरून होते आणि पावसात पडवीवरून.

आता घाणीकडे वळू. कोणी म्हणेल, "शेण चालते, लेंडी चालते, मग मांजराच्या घाणीने काय बिघडते? खतच झाले." हे बरोबर नाही. गाय-बैल चारा खातात. मांजर उंदीर, पाखरे, मासे, कच्चे मांस खाते. मांस खाणाऱ्या जनावराच्या आतड्यात असे जंत आणि जंतू असतात, की ते माणसालाही बाधतात. शेणखतसुद्धा आपण कच्चे घालत नाही, उकिरड्यात कुजवून मग घालतो. मांजराची घाण तर पालेभाजीला मुळीच घालू नये, आणि तिच्या जवळपासचा पाला धुतल्याशिवाय खाऊ नये.

यांतला एक जंतू नीट समजून घेतला पाहिजे. त्याचे नाव टोक्सोप्लाझ्मा. नाव अवघड आहे, एकदा वाचले की पुरे. तो सगळ्याच मांजरांत नसतो. ज्या मांजराला तो होतो, त्याच्या घाणीतून थोडेच आठवडे बाहेर पडतो. पण पडला, की ओलसर मातीत महिनोन् महिने जगतो. मातीचे हात तोंडाला लागले, भाजी न धुता खाल्ली, की तो आपल्या पोटात जातो. अर्धवट शिजलेल्या मटणातूनही तो जातो, तेव्हा सगळा दोष मांजरालाच नको. धडधाकट माणसाला बहुधा काही कळतही नाही. मात्र गरोदर बाईला त्या दिवसांत तो पहिल्यांदा झाला, तर पोटातल्या मुलाला धोका असतो. गर्भ पडू शकतो. मुलाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये. ते काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावे; नवरा गावी आला असेल, तर त्यानेही करायला हरकत नाही! वाफ्यात काम करायचेच असेल, तर हाताला पिशवी बांधावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

यात एक सोय आहे. घाण पडल्या पडल्या हा जंतू बाधत नाही. बाधण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे रोजच्या रोज घाण उचलली, तर बराच धोका टळतो. उचलायची ती हाताने नाही, फावडीने किंवा करवंटीने. विहिरीपासून आणि भाजीपासून लांब खोल खड्ड्यात पुरायची.

हे वाचून आपल्या ध्यानात आले असेल, की ज्या बाईच्या वाफ्यात घाण होते, तिची तक्रार नुसती चार रोपांची नाही. तिच्या घरात लहान मूल रांगत असेल, सून गरोदर असेल. "एवढ्याशा मांजरावरून केवढा आरडाओरडा" असे म्हणून ती तक्रार हसण्यावारी नेणे आम्हाला मान्य नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते, तसे मांजरवालीनेही डोळे मिटून चालणार नाही.

उपाय दोन्ही घरांनी करायचा आहे. पण पहिला उपाय जिचे मांजर तिचा. एक जुने, फुटके घमेले घ्यावे. त्यात चार बोटे कोरडी वाळू किंवा चाळलेली माती घालावी. पडवीच्या कोपऱ्यात, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा जागी ते ठेवावे. मांजराची थोडी घाण आणून त्यात टाकावी, म्हणजे वासाने त्याला जागा कळते. खाल्ल्यावर त्याला त्यात नेऊन सोडावे. पिल्लू असेल तर चार-आठ दिवसांत शिकते. मोठा बोका हट्टी असतो, त्याला वेळ लागतो. घमेले रोज साफ करावे. मांजर स्वच्छतेच्या बाबतीत आपल्यापेक्षा काकणभर सरस आहे. घमेले घाण राहिले, की ते पुन्हा शेजारचा वाफा गाठते.

दुसरे घर काय करील? वाफ्यातली जुनी घाण वरच्या मातीसकट काढून टाकील, म्हणजे वास जाईल. बी पेरल्यावर वीत वीत अंतराने करवंदीच्या काट्या रोवील किंवा वर आडव्या पसरील. रोपे वाढली की त्या काढता येतात. उघडी माती दिसू नये म्हणून वर जाडसर पातेरा किंवा पेंढा घातला, तर ओलही टिकते आणि उकरायलाही जागा राहत नाही. संध्याकाळी पाणी शिंपावे. ओली माती मांजराला आवडत नाही. जुनी मच्छरदाणी किंवा मासे धरायचे फाटके जाळे वाफ्यावर ताणले, तर कोंबड्यांचाही बंदोबस्त होतो.

मांजरे फार झाली, की कोणताच उपाय पुरत नाही. मांजरी साधारण दोन महिन्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीन वेळा विऊ शकते. एका वेळी तीन-चार पिल्ले. मग काही जण पिल्ले पोत्यात घालून घाटात किंवा नदीपलीकडे सोडून येतात. ती उपासाने मरतात, नाहीतर दुसऱ्या गावाला ताप होतात. जनावराला उपाशी मरायला असे सोडणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्यापेक्षा पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मांजरीची नसबंदी कुठे होईल ते विचारावे.

काही जणांचा राग पुढे जातो. ते भातात उंदराचे औषध कालवून ठेवतात. जुनी माणसे म्हणत, मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते. सोन्याचे मांजर राहू द्या, पण कायद्याचे पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या ३२५ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याचे नुकसान करण्यासाठी कोणतेही जनावर मारले, त्याला विष घातले, लुळे-पांगळे केले, तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय ते विष मांजरच खाईल याचा भरवसा काय? कोंबडी खाईल. राखणीचा कुत्रा खाईल. रांगते मूल हात घालील.

"मग मांजर कोंडवाड्यात घालता येईल का?" असे कोणी विचारील. गुरांच्या बाबतीत ती वाट जुनी आहे. भात निघाल्यावर गुरे मोकाट सुटतात, शेजारच्या वालात शिरतात आणि तंटा होतो. इंग्रज सरकारने १८७१ साली यासाठी कायदा केला. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले गुरू कोंडवाड्यात न्यायचे आणि धन्याने दंड भरून सोडवायचे. त्या कायद्यात गुरे म्हणजे कोण कोण, याची यादी आहे. तीत म्हशी, घोडे, गाढवे, डुकरे, मेंढ्या, शेळ्या आहेत. हत्ती आणि उंटसुद्धा आहेत! मांजर मात्र नाही, आणि कोंबडीही नाही. आमच्या मते कायदा करणाराने शहाणपणच केले. मांजर धरून कोंडवाड्यात नेणारा माणूस ओरबाडे घेऊनच परत आला असता. (हसण्यावारी नेऊ नका. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पिसाळी कुत्र्यामुळे होते तशी मांजरामुळेही होते.)

तेव्हा मांजराचा तंटा बोलूनच मिटवायचा आहे. आणि बोलणे कुठे बिघडते ते आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी बोलणे घाणीचे असते. दुसऱ्या दिवशी ते घराण्यावर जाते. "तुमची रीतच घाणेरडी." तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी तोंडून जात निघते. इथे आपण थांबले पाहिजे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, पण अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो माणसांसह तिथे गेले आणि त्यांनी ते पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतर काही लोकांनी शेण आणि गोमूत्र ओतून तळे 'शुद्ध' केले. जनावराच्या शेणाने माणसाचा स्पर्श धुवायला निघालेली माणसे याच तालुक्यात होऊन गेली. त्या मातीत राहून, मांजराच्या घाणीवरून शेजारणीला घाणेरडी जात म्हणायचे? अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान करणे १९८९ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही माहीत असावे.

बोलताना वेळ पाहावी. वाफा उकरलेला दिसला, की त्याच पावली कुंपणाशी जाऊन ओरडू नये. रोपे पुन्हा लावावीत आणि संध्याकाळी जावे. मुलांना मध्ये घालू नये. मुंबईला फोन करून नवऱ्याला एकच बाजू सांगू नये. तो तिकडून रागाने फोन करतो, पण मांजर काही त्याला दिसत नसते. दोघींचे जमले नाही, तर पोलीस पाटील किंवा गावातली जाणती बाई मध्ये बसवावी. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती याचसाठी, की गावातला तंटा गावातच मिटावा. तालुक्याच्या कोर्टात एक खेप म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीचे भाडे गेले. लोण्याच्या गोळ्यासाठी भांडणाऱ्या दोन मांजरांची आणि माकडाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलीच आहे.

शेजारीण ही रोज लागणारी आहे. रात्री मूल तापाने फणफणले, तर मुंबईचा माणूस सकाळपर्यंत येत नाही. कुंपणापलीकडची येते.

वर्गात बोलायला

दोघींच्या बोलण्यात कोणते वाक्य आधी यायला हवे होते, आणि कोणते बोलले नसते तर बरे झाले असते?

तुमच्या आळीत पावसाळ्यात मांजराला कोरडी माती कुठे मिळते? ती जागा कोणाच्या घरची आहे?

मांजर एका घरचे आहे, पण उंदीर चार घरांचे कमी होतात. मग घमेल्यातली वाळू नदीवरून आणायची पाळी चारही घरांनी वाटून घ्यावी का?