मुखाच्या आधीं डोळा
इब्री वर्णमालेवरून जिभेविषयीं पाठ

वाचन : गणना १३:२५–३३; विलापगीत ३:४६–४९; स्तोत्र ३४:११–१४.

१. अक्षरांचा क्रम. — ज्या इब्री भाषेंत बहुतेक सर्व जुना करार लिहिला गेला, तिच्या वर्णमालेंत २२ अक्षरें आहेत. त्यांतील पुष्कळ अक्षरांच्या नांवांत एखाद्या वस्तूचें नांव ऐकूं येतें : बेथ म्हणजे घर, अयिन म्हणजे डोळा, पे म्हणजे मुख. अयिन हें सोळावें व पे हें सतरावें; म्हणजे डोळा आधीं व मुख त्याच्या मागून. ११९ व्या स्तोत्रांत प्रत्येक अक्षराचीं आठ, अशीं एकंदर १७६ वचनें आहेत. त्यांत अयिनच्या भागांत वाट पाहून शिणलेले डोळे (१२३) व पेच्या भागांत उत्कंठेनें उघडलेलें मुख (१३१) आढळतें.

२. उलटलेला क्रम. — विलापगीताचे पहिले चार अध्यायही असेच अक्षरक्रमानें रचिलेले आहेत. पहिल्यांत क्रम नेहमींचा आहे. परंतु पुढील तीन अध्यायांत पे आधीं व अयिन मागून येतें. मराठी वाचकालाही ह्याची खूण तिसऱ्या अध्यायांत सांपडेल : ४६ व्या वचनांत शत्रूंचें मुख उघडतें, आणि ४९ व्या वचनांत डोळ्यांस अश्रुधारा लागतात. यहूदी शास्त्र्यांनीं तालमुदांत ह्याचें कारण हेर हें दिलें आहे. डोळ्यांस जें दिसलें नव्हतें तें त्यांचें मुख बोललें, असा त्यांचा आशय आहे.

३. हेरांचें पाप. — बारा हेर ४० दिवस कनान देश पाहून आले. द्राक्षांचा घोंस, तटबंदीचीं नगरें, धिप्पाड लोक, हें सर्व त्यांनीं पाहिलें होतें. तितकें सांगणें त्यांचें कर्तव्यच होतें. परंतु दहा जण एवढ्यावर थांबले नाहींत. त्या लोकांच्या दृष्टीनें आपण टोळांसारखे होतों, असेंही त्यांनीं सांगितलें. दुसऱ्याच्या दृष्टीला आपण कसे दिसतों, हें त्यांनीं कोणत्या डोळ्यांनीं पाहिलें? आपल्या मनांतील भय त्यांनीं बातमी म्हणून सांगितलें. त्या रात्रीं सर्व मंडळी रडली, आणि दिवसामागें एक वर्ष ह्याप्रमाणें ४० वर्षें अरण्यांत भटकून ती पिढी संपली. तो दंड व पुढें मंदिराचा नाश, हीं दोन्ही आब महिन्याच्या नवव्या दिवशीं घडलीं असें यहूदी परंपरा मानते. त्याच उपासाच्या दिवशीं त्यांच्या सभास्थानांत विलापगीत वाचितात.

४. एक सावधगिरी. — इ. स. १९७६ सालीं इस्राएल देशांत इझबेत सार्ता येथें एक खापर सांपडलें. त्यावर सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं कोणीं तरी वर्णमाला कोरली आहे, व तींतही पे हें अयिनच्या आधीं आहे. तेव्हां विलापगीताचा कवि एखादा प्राचीन क्रमच पाळीत असेल. म्हणून शास्त्र्यांचें स्पष्टीकरण बोध म्हणून घ्यावें, इतिहास म्हणून सांगूं नये. जे कोणी प्रत्येक अक्षरांतून गुप्त भविष्य काढून दाखवितात, त्यांचेंही मुख डोळ्याच्या पुढें गेलें आहे.

५. आपणांस बोध. — गांवांत बातमी पाणवठ्यावरून निघते व चावडीवर पोहोंचेपर्यंत तिला पाय फुटतात. अमक्याची मुलगी, तमक्याचें कर्ज, मंडळीच्या पेटींतील पैसे : "लोक म्हणतात" एवढ्याच आधारावर एखादें घर मंडळींतून तुटतें, आणि मग खरें कळलें तरी तें परत येत नाहीं. उपदेशकांवर हें ओझें अधिक आहे. कारण त्यांच्या तोंडून गेलेलें ऐकीव लोक साक्षच समजतात. म्हणून बोलण्यापूर्वीं मनाला विचारावें : हें मीं पाहिलें काय? पाहिलें नसेल, तर ज्याच्याविषयीं गोष्ट आहे त्याजकडे आधीं जावें. आणि पाहिलें असलें, तरी सांगितल्यानें कोणाचें बरें होईल?

३४ वें स्तोत्रही अक्षरक्रमाचें आहे. त्यांत लामेदच्या वचनांत (११) कवि मुलांना जवळ बोलावून परमेश्वराचें भय शिकवूं पाहतो. आणि दोनच पायऱ्या पुढें, नूनच्या वचनांत (१३), त्याची पहिली आज्ञा जिभेविषयीं आहे. देवाचें भय शिकणाऱ्याचा पहिला धडा तोच होय.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
(१) दहा हेरांच्या बोलण्यांत पाहिलेलें किती व पदरचें किती?
(२) यहोशवा व कालेब ह्यांनींही तोच देश पाहिला. मग त्यांची साक्ष निराळी कां?
(३) ह्या आठवड्यांत मीं न पाहिलेली कोणती गोष्ट पुढें सांगितली?