श्वासपटलाची हालचाल मोजताना

श्वासपटल हा छाती आणि पोट यांच्यामधला घुमटाकार स्नायू. श्वास घेताना तो खाली सरकतो, सोडताना वर येतो. त्याला हलवणाऱ्या फ्रेनिक नसा मानेतून निघतात, दोन बाजूंना दोन. मानेला मार, हृदयाची शस्त्रक्रिया किंवा छातीतली गाठ यामुळे एक नस दुखावली, की त्या बाजूचे पटल लुळे पडते.

छातीच्या एक्स-रेत ही हालचाल दिसत नाही. उजवा घुमट डाव्यापेक्षा थोडा वर असणे नैसर्गिकच. तो फारच वर दिसला, तर लकवा असू शकतो, यकृतात पू असू शकतो, किंवा पूर्ण श्वास न भरताच फिल्म काढलेली असते. सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावात अनुभव असा, की धाप लागली म्हणजे दमा समजून पंप सुरू होतो, ‘उजवा घुमट वर’ हा शेरा फाइलीत पडून राहतो आणि पटल हलते का, हे कोणी पाहतच नाही.

ते सोनोग्राफीत दिसते, आणि किरणांचा धोकाही नाही. बरगडीखाली प्रोब टेकवून उजवीकडे यकृतातून आणि डावीकडे प्लीहेतून पटल पाहतात. एम-मोडमध्ये, म्हणजे एकाच रेघेवरची हालचाल टिपणाऱ्या पद्धतीत, श्वासागणिक लाट उमटते. तिची उंची म्हणजे सरकलेले अंतर. निरोगी पुरुषात शांत श्वासाला ते साधारण 1.8 सेंमी आणि खोल श्वासाला 7 सेंमीच्या आसपास भरते. स्त्रियांत अनुक्रमे 1.6 आणि 5.7. म्हणजे ‘दोन सेंमी’ हा आकडा शांत श्वासाचा असेल तर उत्तम, खोल श्वासाचा असेल तर काळजीचा. श्वास कोणता, बाजू कोणती, रुग्ण बसलेला की झोपलेला, हे न लिहिलेला रिपोर्ट जवळपास निरुपयोगी.

डाव्या बाजूला जठरातला वायू आड येतो, त्यामुळे ‘दिसले नाही’ म्हणजे ‘हलत नाही’ असे नव्हे. मोजणीची रेघ पटलाला काटकोनात नसेल तरीही आकडा फसतो.

नाकाने झटकन श्वास ओढायला लावणे ही सर्वांत बोलकी चाचणी. ती सोनोग्राफीत होते, तशी फ्लुओरोस्कोपीतही, म्हणजे हालचाल दाखवणाऱ्या सलग एक्स-रेत. निरोगी बाजू खाली जाते, लुळी बाजू उलटी वर उचलली जाते. दोन्ही बाजू लुळ्या असतील तर मात्र पोटाचे स्नायू पटलाला हलवून दाखवतात आणि चाचणी चकवते. असा रुग्ण आडवा पडताच कासावीस होतो. हे लक्षण तपासणाऱ्याला आधीच सांगावे. व्हेंटिलेटरवर हवा यंत्रच ढकलते, म्हणून तिथे नुसत्या अंतरावर विसंबू नये. रुग्णाच्या स्वतःच्या श्वासाने स्नायूची जाडी किती वाढते ते पाहावे. ही वाढ 20 टक्क्यांहून कमी असेल तर लकव्याचा संशय बळावतो.

गर्भलिंगनिदानविरोधी 1994 च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत जागेतच वापरावे लागते. ते घेऊन कोणी घरी येणार नाही. सेलू किंवा परभणीला जाताना जुने एक्स-रे, शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यावेत आणि चिठ्ठीवर ‘पोटाची सोनोग्राफी’ नव्हे, तर ‘श्वासपटलाची हालचाल, दोन्ही बाजू’ असे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे.