स्क्रम मास्टरची नोकरी शोधताय? खर्च कुठे लपलाय, आधी पाहा

डेव्हलपर किंवा टेस्टर म्हणून चार-पाच वर्षं झालीत आणि आता स्क्रम मास्टर किंवा अजाइल प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय? मग क्लासची फी भरण्याआधी जे मोफत आहे ते संपवा. स्क्रम गाइड इंटरनेटवर मोफत मिळतं, पानं जेमतेम तेरा. स्क्रम डॉट ऑर्गवरची ३० प्रश्नांची सराव चाचणी मोफत आहे आणि कितीही वेळा देता येते. जिरा दहा जणांपर्यंत मोफत वापरता येतं.

स्क्रम मास्टरच्या पीएसएम-१ या प्रमाणपत्र परीक्षेची फी २०० डॉलर. ती घरबसल्या देता येते. ६० मिनिटांत ८० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ८५ टक्के. क्लास सक्तीचा नाही आणि नूतनीकरणाची भानगड नाही. मात्र नापास झालात तर पुन्हा पूर्ण फी. म्हणून सराव चाचणीत सलग चार-पाच वेळा पैकीच्या पैकी गुण पडेपर्यंत पैसे भरू नका. कार्डाने डॉलर भरताना बँक वर मार्कअप लावते, तोही हिशेबात धरा.

स्क्रम मास्टरचंच दुसरं प्रमाणपत्र म्हणजे सीएसएम. त्याला वर्ग सक्तीचा, बहुधा दोन दिवसांचा. फी प्रशिक्षकागणिक बदलते. जाहिरातीतल्या रकमेत १८ टक्के जीएसटी आहे का, ते विचारा. परीक्षेत ५० पैकी ३७ उत्तरं बरोबर हवीत. वर्गाच्या फीत दोन प्रयत्न मिळतात, तेही ९० दिवसांतच. शिवाय दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचे १०० डॉलर. नोकरीच्या जाहिरातींमध्ये सीएसएमच मागत नसतील, तर सुरुवातीला पीएसएम-१ पुरे. पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राची घाई नको: पदवीधरालाही ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं.

मुलाखती सुरू होण्याआधी एक फोल्डर तयार ठेवा. पॅन, आधार, यूएएन, पदवी आणि गुणपत्रिका, शेवटच्या तीन पगारचिठ्ठ्या, फॉर्म १६, आधीच्या प्रत्येक कंपनीचं रिलिव्हिंग लेटर. जुनं पत्र राहिलं असेल तर आजच मेल करा. ऑफर आल्यावर ते वेळेत मिळेल याचा भरवसा नसतो. पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षांच्या आत काढलात तर त्यावर कर लागू शकतो.

आता पगार. सीटीसी १२ लाख म्हणजे महिना एक लाख नव्हे. समजा मूळ पगार ५० हजार आणि व्हेरिएबल सीटीसीच्या १० टक्के. व्हेरिएबलचे १० हजार दरमहा मिळत नाहीत. कंपनीचा पीएफ ६ हजार आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे २,४०० सीटीसीतच मोजलेले असतात. तुमचा पीएफ ६ हजार, व्यवसाय कर २०० (महाराष्ट्रात फेब्रुवारीत ३००). हातात उरतात सुमारे ७५ हजार, प्राप्तिकर वेगळा. म्हणून एचआरला एकच विचारा: दरमहा खात्यात किती जमा होतील? उत्तर मेलवर घ्या.

सगळ्यात महाग पडू शकतो तो नोटीस पिरियड. ९० दिवसांचा असेल आणि नवी कंपनी ३० दिवसांत बोलवत असेल, तर दोन महिन्यांचा पगार भरावा लागू शकतो. तो मूळ पगारावर की एकूण पगारावर, हे नेमणूकपत्रात पाहा. ही रक्कम (बायआउट) नवी कंपनी देणार असेल तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, फोनवरचा शब्द चालत नाही. जॉइनिंग बोनसही नीट वाचा: वर्षाच्या आत सोडलंत तर परत मागतात, आणि काही ठिकाणी कर कापण्याआधीची पूर्ण रक्कम मागतात. लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

एक शॉर्टकट तुम्हाला हमखास सुचवला जाईल: पैसे देऊन अनुभवाचं पत्र, किंवा ‘बॅकडोअर’ नोकरी. नको. पीएफ पासबुकात कुठल्या कंपनीने कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते दिसतं, आणि पडताळणीत खोटा अनुभव उघडा पडला की रुजू झालेली नोकरीही जाते. लॅपटॉपचं डिपॉझिट, प्रशिक्षण फी, कागदपत्र पडताळणीचे पैसे नोकरीआधी मागितले तर तिथेच थांबा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.