पाल म्हणजे दूध

शेजारी जो मोठा तक्ता लावला आहे तो आमच्या चौथीच्या वर्गाने केला आहे. त्याची माहिती मी लिहीत आहे.

आमच्या धानोरा तालुक्यात पुष्कळ घरी गोंडी बोलतात, पुष्कळ घरी मराठी. माझ्या घरी मराठी आहे. शाळेची पुस्तके मराठीत आहेत. त्यामुळे पहिलीत येणाऱ्या गोंडी मुलांची पंचाईत होते. एकदा गुरुजींनी पहिलीला दुधाच्या पेल्याचे चित्र दाखवले. एक मुलगी लगेच म्हणाली, "पाल!" सगळे भिंतीकडे पाहू लागले. "कुठं आहे बे पाल?" दोघे तर उठून पळाले. मग सगळे हसले. पण गोंडीत पाल म्हणजे दूधच! तिचे उत्तर बरोबर होते. नंतर चार दिवस ती वर्गात बोललीच नाही.

तेव्हा गुरुजी म्हणाले, दोन भाषांचा तक्ता करा. आम्ही घरोघरी जाऊन शब्द विचारले. पाणी म्हणजे येर. गाव म्हणजे नार. विस्तव म्हणजे किस. फूल म्हणजे पुंगार. मासा म्हणजे मीन (मीन रास असते ना, तोच मासा). घराच्या शब्दावर मात्र भांडण झाले. काही जण रोन म्हणत होते. एका आजीने सांगितले, "आम्ही तं लोनच म्हणतो." दोन्ही बरोबर आहेत, गावागावात फरक असतो. म्हणून दोन्ही लिहिले. झाड म्हणजे मरा, पण त्यातला र आपल्या र सारखा नाही, जीभ वळवून म्हणावा लागतो. तो मला अजून नीट येत नाही. गोंडीसाठी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली वेगळी लिपी तयार केली होती. आम्ही देवनागरीतच लिहिले आहे, नाही तर वाचणार कोण?

आकड्यांची गंमत सर्वात जास्त आहे. गोंडीत उंदी, रंड, मूंद, नालुंग, सैयुंग असे मोजतात. सिरोंच्याकडे पुष्कळ लोक तेलुगू बोलतात. तेलुगूत दोन, तीन, चार म्हणजे रेंडु, मूडु, नालुगु. पहा किती जवळ आहे! गुरुजींनी सांगितले की गोंडी ही तेलुगू, तमिळ, कन्नड यांच्या कुटुंबातली आहे, त्या कुटुंबाला द्राविडी म्हणतात. २०११ च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त होते. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ज्या २२ भाषा आहेत, त्यात गोंडी नाही. हे मला बरे वाटले नाही.

आमच्याच तालुक्यात मोहगावला २०१९ साली ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिचे नाव पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. सरकारी मान्यतेसाठी त्या गावाला झगडावे लागले. तिथे पाल म्हटल्यावर कोणी हसत नसेल.

तक्ता आम्ही २१ फेब्रुवारीला लावला. तो आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन असतो. १९५२ साली त्या दिवशी ढाक्यात बंगाली भाषेसाठी विद्यार्थी गोळीबारात मेले. म्हणून युनेस्कोने १९९९ साली हा दिवस ठरवला. आमच्या कार्यक्रमात मोठ्या मुलांनी तक्ता वाचला. मरा वाचताना पहिलीतली तीच मुलगी मधेच उठली आणि म्हणाली, "असं नाही, मरा!" मग तिने तीनदा म्हणून दाखवले आणि सगळ्या शाळेने तिच्या मागून म्हटले. गुरुजींनीसुद्धा.

तक्त्यावर वीस रकाने रिकामे आहेत. धान, मोह, तेंदूपान, पाऊस, आजी असे शब्द राहिले आहेत. पालकांनी आपल्या घरचा शब्द लिहावा. लिहिता येत नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही लिहू. पेन्सिल खाली दोरीला बांधली आहे, कृपया नेऊ नये.