आज कालवण काय?



परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी सांगितले, की प्रत्येकाने घरातले एक काम निवडावे, ते दोन आठवडे रोज पाहावे आणि वहीत मांडावे. कुणी दूध काढणे निवडले, कुणी विहिरीवरची मोटर निवडली. मी संध्याकाळचे कालवण निवडले. मागच्या बाकावरची मुले हसली. हसू द्यात, जेवायला तीही बसतातच.

आमच्या घरात सहा माणसे आहेत. आबा, आजी, आण्णा, आई, मी आणि तिसरीत शिकणारी माझी बहीण. भाकरी थापताना आई सगळ्यांना दिसते. पण आज काय करायचे हे कधी ठरते, कशावरून ठरते, ते कुणी पाहत नाही. म्हणून मी वहीत चार रकाने आखले. घरात काय होते, काय केले, का केले आणि शेवटी काय उरले. तिसरा रकाना भरायला फार जड गेला. 'का' विचारले की आई म्हणायची, "का म्हंजे? दुसरं काय करणार?" मग मी थोडे थोडे विचारून काढले.

आमचा बाजार मंगळवारचा. बुधवारी, गुरुवारी पालेभाजी होते, कारण मेथी आणि चाकवत राहत नाहीत, सुकतात. मग वांगी, मग बटाटे. रविवारपर्यंत टोपली रिकामी होत येते आणि सोमवारी आई डब्यांकडे वळते. एका सोमवारी टोपलीत दोन कांदे आणि लसणाचा अर्धा गड्डा एवढेच होते. त्या दिवशी शेंगोळे झाले. हुलग्याच्या पिठात लसूण, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचे, हातावर लांबट वळायचे आणि फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात सोडायचे. पिठाने पाणी आपोआप दाट होते. आबांना दात नाहीत, त्यांना असले मऊ बरे पडते. मला वाटले होते, काही नव्हते म्हणून शेंगोळे केले. वही पाहिली तर दिसले की आबांनी दोन दिवस भाकरी नीट खाल्ली नव्हती, तेही आईच्या ध्यानात होते.

मटकीचे तर आधीच ठरवावे लागते. सकाळी भिजत घालायची, रात्री फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड येतात. म्हणजे सोमवारी संध्याकाळी मटकी खायची तर रविवारी सकाळीच मनात यायला हवे. मोड आले की कडधान्य पचायला हलके होते आणि त्यात क जीवनसत्त्व तयार होते. कोरड्या दाण्यात ते जवळजवळ नसते.

आता पाण्याचे सांगतो. आमच्या बोरचे पाणी जड आहे. त्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, कारण जड पाण्यातल्या क्षारांनी डाळीचे साल आणि गर घट्ट राहतात. नळाला एक दिवसाआड पाणी येते. त्यातली एक घागर आई डाळीसाठी बाजूला ठेवते. घागर संपली तर डाळ रद्द, पिठले. चिंचेचेही तसेच. चिंच डाळ शिजल्यावर घालायची. आधी घातली तर आंबटपणाने डाळ मऊ व्हायला उशीर लागतो. आजीला ही कारणे कुणी सांगितलेली नाहीत, पण ती चिंच कधी आधी घालत नाही.

मी एक प्रयोगही केला. मूठभर हरभरे रात्रभर भिजवले आणि मूठभर तसेच कोरडे ठेवले. भिजवलेले कुकरच्या ४ शिट्ट्यांत शिजले. कोरडे ९ शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कचकचत होते. आमच्या गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि ती ऊसबिल येईपर्यंत पुरवायची असते. भाकरी, अंघोळीचे पाणी चुलीवर, बाकीचे गॅसवर. तेव्हा भिजत घालायला विसरले तर त्या दिवशी हरभरे होत नाहीत.

पिठाकडेही पाहावे लागते. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, जी काही विरी असते ती ताज्या पिठात. दळण जुने झाले की विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. मग आई आधणाच्या पाण्यात पीठ भिजवते किंवा सरळ चपात्या करते. चपाती असेल तर कालवण घट्ट, भाकरी असेल तर पातळ. म्हणजे गिरणीत कधी गेलो त्यावरसुद्धा कालवण ठरते!

शेतीच्या मोटरला एक आठवडा दिवसा लाईट असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आण्णा जेवण फडक्यात बांधून नेतात. तेव्हा झुणका, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. आमटी सांडते.

शाळेतून गेल्यावर आई पहिले विचारते, "आज शाळंत काय हुतं?" शाळेत दुपारी मटकीची उसळ झाली असेल तर संध्याकाळी ती पुन्हा होत नाही. शाळेतल्या आहाराची योजना १९९५ साली सुरू झाली. आण्णा तेव्हा शाळेत होते. ते सांगतात, आम्हांला शिजवलेले मिळत नव्हते, महिन्याला ३ किलो तांदूळ घरी आणायचो. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि त्यानंतर शाळेत शिजवलेले जेवण मिळू लागले.

आता मुख्य गोष्ट. पावसाळ्यात शाळेत आरोग्य तपासणी झाली. माझ्या बहिणीच्या रक्तात हिमोग्लोबिन १०.४ निघाले. तिच्या वयाला ११.५ तरी हवे. डॉक्टरबाईंनी आईलाही तपासून घ्यायला सांगितले. मोठ्या बाईला १२ हवे, आईचे ९.६ निघाले. दोघींना गोळ्या दिल्या. नुसत्या भाजीने एवढे रक्त लवकर भरत नाही, गोळ्या चुकवू नका, पण जेवणही बदला, असे त्यांनी सांगितले.

तेव्हापासून आईच्या हिशोबात लोह आले. थंडीत आठवड्यातून चार दिवस बाजरीची भाकरी होते. १०० ग्रॅम बाजरीत साधारण ६ मिलिग्रॅम लोह असते, ज्वारीत ४ आणि पांढऱ्या तांदळात १ सुद्धा नसते. पालेभाजी लोखंडी कढईत करते. ताटात लिंबाची फोड असते आणि ती शेवटी पिळायची, कारण शिजवले की क जीवनसत्त्व बरेचसे जाते आणि धान्य-भाजीतले लोह अंगी लागायला तेच उपयोगी पडते. जेवणावर लगेच चहा बंद केला, चहाने लोह अडते. आबा दोन दिवस रुसले होते. आता तासाभराने घेतात.

पण माझ्या वहीचा चौथा रकाना, 'काय उरले', वेगळेच सांगत होता. १४ संध्याकाळींपैकी ९ संध्याकाळी आई जेवायला बसली तेव्हा भाजी संपलेली होती. तिने ठेचा आणि भाकरी खाल्ली, नाहीतर भांड्याला लागलेली आमटी पुसून घेतली. लिंबाची फोड तर एकदाही उरली नाही. म्हणजे सगळ्यांचे रक्त वाढावे म्हणून जी ठरवत होती, तिच्याच ताटात ते येत नव्हते. मी तो रकाना आजीला मोठ्याने वाचून दाखवला. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वाढायच्या आधी तिने एका वाटीत भाजी काढली, वर लिंबाची फोड ठेवली आणि म्हणाली, "ही हिची. हात लावू नका कुणी." आई म्हणाली, "राहू द्या की आत्याबाई." आजी म्हणाली, "गप बस."

आजीला उपाशीपोटाचे माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळात ती दहा-अकरा वर्षांची होती. तिची आई खडी फोडायच्या कामावर जायची. तिथे सुकडी मिळायची, ती पदरात बांधून आणायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याची भाकरी आजीला आवडायची नाही, पण तिच्याकडून ऐकलेली गोष्ट अशी की त्या वर्षी 'काय करायचं' हा प्रश्नच नव्हता. मिळेल ते. म्हणून आजही आई 'आज काय करू' असे विचारते तेव्हा आजीला ते ऐकायला बरे वाटते. आमच्याकडे रात्रीची भाकरी उरली तर ती सकाळी कुस्करून फोडणीला पडते. टाकत नाहीत.

उन्हाळ्यात हिरवे काही मिळत नाही. त्याची तयारी आताच चालू आहे. आजी हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून सावलीत वाळवते आहे, आणि सांडगे चैत्रात होतील. बहिणीची आणि आईची तपासणी परीक्षेनंतर पुन्हा करायची आहे. आकडे आले की याच कागदावर खाली लिहीन.

या लेखाच्या शेजारी एक कोरा कागद डकवला आहे. काल तुमच्या घरी काय कालवण झाले, का झाले आणि शेवटी कोण जेवले, ते त्यावर लिहा. पालकांनीही लिहिले तर चालेल. पेन्सिल दोऱ्याने बांधलेली आहे.