वारुळावरची छत्री

मृगाच्या सरी येऊन गेल्या आणि आषाढातील पाऊस जमिनीत खोल मुरला, की यवतमाळ जिल्ह्यातील सागवनांत वाळवीच्या वारुळांभोवती पांढऱ्या-करड्या छत्र्या उगवतात. विदर्भात त्यांना कोठे ‘सात्या’, तर कोठे ‘टेकोडे’ म्हणतात. रानाकाठच्या कोलाम व गोंड वस्त्यांतील माणसे त्या वेचण्यासाठी पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. कारण उशीर झाला, तर छत्र्या किडतात.

या छत्र्या वारुळापाशीच का उगवतात? वाळवी पालापाचोळा व लाकूड कुरतडून त्याचा लगदा भुयारात रचून ठेवते. त्यावर एक बुरशी वाढते. ती लाकडातील कठीण द्रव्ये मऊ करते व वाळवीला अन्न मिळते. पावसाळ्यात ही बुरशी मुळासारखा लांब देठ वर काढते. छत्री हे जणू तिचे फळच होय! रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या वंशाला ‘टर्मिटोमायसिस’ असे नाव दिले.

ताज्या छत्रीत सुमारे ९० टक्के पाणी असते. उरलेल्या भागात प्रथिने, तंतू, क्षार व ब-जीवनसत्त्वे असतात. स्निग्धांश अत्यल्प असतो. शेतात पीक कोवळे असताना व घरातील धान्य सरत आले असताना ही भाजी गरिबाच्या ताटात येते, हे तिचे मोठे मोल होय. बुरशीतून औषधही मिळू शकते. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध बुरशीमुळेच लागला. परंतु ते रोग्यांपर्यंत पोचण्यास अनेक वर्षांचे संशोधन लागले. म्हणून रानातील छत्री अन्न म्हणून खावी. आजारात मात्र वैद्यकीय उपचारच घ्यावेत.

सर्वच छत्र्या खाण्याजोग्या नसतात. किड्याने खाल्लेली छत्री निर्विष असते, किंवा विषारी छत्रीने चांदीचे नाणे काळे पडते, या समजुती खोट्या आहेत. काही विषे शिजवूनही नष्ट होत नाहीत; त्यांचा परिणाम कित्येक तासांनी दिसतो व प्राणावर बेततो.

रानातील जाणती म्हातारी वर्षानुवर्षांच्या ओळखीचीच छत्री खुडते. किंचितही शंका आली, तर ती छत्री तेथेच सोडते. वारुळाला मात्र ती धक्का लावीत नाही. तेथील बुरशी जिवंत राहिली, तर पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा छत्र्या उगवतील, हे तिला ठाऊक असते.

स्वाध्याय
१. वाळवी व बुरशी एकमेकींना कशा उपयोगी पडतात?
२. छत्र्यांविषयीच्या कोणत्या समजुती खोट्या आहेत?
३. जाणती म्हातारी वारुळ का मोडीत नाही?