शाळेतून निरोप येतो तेव्हा

"तुमचं मूल वाचनात फार मागे आहे. काहीतरी अडचण दिसते, दाखवून घ्या." दुसरीच्या वर्गातून असा निरोप आला की घरात बहुधा दोनच गोष्टी घडतात. बाप मुलाला बडवतो, नाहीतर आई म्हणते, "आपल्या पोरांना मागेच बसवायचं असतं यांना." हे बोलणे उगाच आलेले नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी वर्गाबाहेर बसून धडे ऐकले आहेत. परंतु प्रत्येक निरोपात जुना अपमान शोधला तर मुलाची अडचण तशीच राहते, आणि मान खाली घालून "होय बाई" म्हटले तरीही राहते.

म्हणून पालकांनी नेमके विचारावे. "मागे आहे" हे काही निदान नव्हे. अक्षर ओळखतच नाही, की ओळखते पण जोडून वाचता येत नाही? घ-ध, भ-म यांत गोंधळते का? फळ्यावरचे उतरवताना चुकते, की सांगितलेले लिहिताना? वही मागून घ्यावी आणि तीन महिन्यांपूर्वीचे पान आजच्या पानाशेजारी ठेवून पाहावे. काही चुका तर आपल्या भाषेनेच घडवलेल्या असतात. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहिते. 'वीस पाच' असे संख्यावाचन बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आणले, त्यावर केवढा गदारोळ झाला! अडचण मात्र खरीच होती.

त्यानंतर कान व डोळे तपासावेत, आणि ते सर्वांत आधी. आमच्या वस्तीतील एका मुलीला शाळेने "मंद आहे, दुसरीकडे घाला" असे सांगितले होते. तिचा कान दोन पावसाळे वाहत होता. घरात ते सर्वांना ठाऊक होते, पण कानाचा आणि वाचनाचा संबंध कोणाच्या ध्यानात आला नाही. औषधोपचार झाले, बाईंनी पहिल्या बाकावर बसवले आणि दिवाळीनंतर ती धडा वाचू लागली. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल, तर मूल दोन्ही भाषांत अडखळते का हेही पाहावे लागते.

हे सारे पाहूनही अडचण उरली तर ती 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' असू शकते. अशा मुलाची बुद्धी कमी नसते. वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादी वाट त्याला अवघड जाते. साधारण आठ वर्षांच्या आत याचे पक्के निदान करणे कठीण असते. पण मदतीसाठी निदानाची वाट पाहू नये. वाळूत बोटाने अक्षर गिरवणे, पुठ्ठ्याची अक्षरे हाताळणे, रोज वीस मिनिटे हळू वाचन, हे आजच सुरू करता येते. चूळपंथकाची कथा आपण ऐकली आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहारातून जायला सांगितले. बुद्धांनी त्याला आणखी पाठांतर दिले नाही, हातात एक स्वच्छ फडके देऊन ते चोळत राहायला सांगितले.

आता हक्कांविषयी. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, तसेच मारणे व मानसिक छळ यांना मनाई आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ते प्रमाणपत्र शासनाने ठरवून दिलेल्या रुग्णालयाचेच लागते. खासगी समुपदेशकाला हजारो रुपये मोजून आणलेला कागद तिथे चालत नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ही तपासणी होते. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, त्यांनाही सांगावे.

शाळेशी बोलणे तोंडी ठेवू नये. मुलाला काय अडते, शाळा काय मदत करणार, पुन्हा कधी भेटायचे, एवढे अर्जात लिहून दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. ज्यांना अर्ज लिहिणे जमत नाही त्यांच्याकडे अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांनी स्वतः जावे, आणि भेटीच्या दिवशी आईसोबत शाळेतही जावे. एकटी बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलायला बिचकते.